विलायती सांगाडा आणि वऱ्हाडी मिस्त्री

आपल्या सुशिक्षित वर्गांत एक नवा मोह हळूहळू रूढ होऊं पाहत आहे. एखाद्या जिनिंगच्या आवारांत किंवा पडक्या वाड्याच्या ढेलजेंत जुनी मॉरिस, ऑस्टिन अथवा हिलमन धूळ खात उभी दिसली, कीं ती विकत घेऊन पूर्ववत् सजविण्याची इच्छा गृहस्थाच्या मनांत उत्पन्न होते. आणि ही इच्छा मुंबई-पुण्याची वेस ओलांडून आतां यवतमाळपर्यंत येऊन पोंचली आहे. अशी मोटार घ्यावी कीं घेऊं नये, या प्रश्नावर तीन पक्षांचीं मतें आमच्या कानांवर येतात. पैकीं दोन पक्ष 'घ्या' म्हणतात, एक 'घेऊं नका' म्हणतो. आणि तिघांचेंहि मूळ प्रमेय चुकीचें आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

पहिला पक्ष हिशेबी आहे. जुनी वस्तु दिवसेंदिवस दुर्मिळ होते, तेव्हां तींत घातलेला पैसा वाढलाच पाहिजे, असें त्याचें तर्कशास्त्र. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण या मंडळींनीं ऐकलेली दिसत नाहीं. मोटारीची किंमत ही खर्चाची केवळ प्रस्तावना होय; ग्रंथ पुढेंच आहे. वरचा गंज डोळ्यांना दिसतो. परंतु सांगाड्याच्या पोटांतला गंज, कापडी वेष्टणाच्या तारांना उंदरांनीं लावलेले दांत, आणि मिलिमीटरच्या पान्यांना दाद न देणारे व्हिटवर्थ मापाचे नटबोल्ट हे सर्व खरेदीनंतरच बोलूं लागतात. शिसेयुक्त पेट्रोल देशांतून २००० सालीं हद्दपार झालें. ज्या जुन्या एंजिनांच्या व्हॉल्व्हच्या सीटा त्या शिशाच्या आधारानें टिकत, त्यांना आतां कठीण धातूच्या सीटा बसवाव्या लागतात. २०२५ पर्यंत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. जुन्या पंपांतील रबरी डायफ्रॅमला तें मानवत नाहीं. त्यांत यवतमाळचा मे महिना! पंचेचाळीस अंशांकडे झुकणाऱ्या उन्हांत, इंग्लंडच्या गारव्यासाठीं बनविलेल्या नळींत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यांत मुक्काम करते.

लग्नाच्या वरातीला भाड्यानें देऊन खर्च भरून काढूं, ही आशाहि फोल आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करतां येते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षें. मात्र असें वाहन नित्य वापरास किंवा धंद्यास लावतां येत नाहीं. आणि चासी, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरबदल केलेला असला, तर तें या नोंदणीस पात्रच ठरत नाहीं.

दुसरा पक्ष भावनाप्रधान आहे. 'वारसा' हा त्याचा परवलीचा शब्द. पण काउलीच्या कारखान्यांत बनलेलें लोखंड केवळ म्हातारें झालें म्हणून आपला वारसा होत नाहीं. त्याला आपले हात लागावे लागतात. याचें उदाहरण जिल्ह्यांतच आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची 'शकुंतला' इंग्रज कंपनीनें कापूस वाहून नेण्यासाठीं घातली. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें तिचें वाफेचें एंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढीत राहिलें. त्याला झेंडूच्या माळा घालून कोणी दारांत उभें केलें असतें, तर तें एवढें जगलें नसतें. रोजचा कोळसा, तेल आणि कामगारांचा हातोडा यांनीं तें जगविलें. मोटारींतहि तोच न्याय. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका विलायतेंत तीन-चार वर्षांत संपली. तिच्यावरून उत्तरपाड्याला काढलेली अँबेसेडर २०१४ पर्यंत निघत होती, कारण गांवोगांवच्या मिस्त्र्यांना तिचें अंतरंग पाठ होतें.

तिसरा पक्ष विरक्त आहे. ज्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर झालें, तेथें असला चोचला शोभत नाहीं, असें तो बजावतो. हा आक्षेप ऐकून ज्याला संकोच वाटत नाहीं, त्याच्याशीं आम्हांला वाद घालावयाचा नाहीं. परंतु हाच पक्ष नवी मोटार हप्त्यांवर घेतो, तेव्हां त्याची विरक्ति कोठें जाते? त्या मोटारीचा बहुतेक पैसा जिल्ह्याबाहेर जातो. जुन्या मोटारीचा पैसा पत्रा ठोकणाऱ्याच्या, गादी शिवणाऱ्याच्या, लेथवर बुश कातणाऱ्याच्या घरीं चूल पेटवूं शकतो. अर्थात् 'शकतो' इतकेंच. कारण कित्येक हौशी मंडळी गाडी ट्रकवर चढवून थेट पुण्या-मुंबईस पाठवितात, आणि ती चकाकून परत आली कीं स्वतःस रसिक म्हणवितात.

आमच्या मतें हा सारा प्रश्न मोटारीपेक्षां मिस्त्र्याचा आहे. एंजिनाचा सूर कानानें ओळखून कार्ब्युरेटर लावणारा आणि बाजारांत न मिळणारा भाग स्वतः घडविणारा कारागीर आतां म्हातारा झाला आहे. त्याचा मुलगा गाडीला यंत्र जोडतो आणि यंत्र सांगेल तो भाग बदलतो. त्यांत मुलाचा दोष नाहीं. दुसरें कांहीं शिकावें असें काम त्याला कोणी दिलेंच नाहीं. हें ज्ञान एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें, आणि त्यासाठीं समोर उघडें एंजिन असावें लागतें.

म्हणून गाडी घेऊं इच्छिणाऱ्यानें स्वतःला तीन प्रश्न विचारावे. मूळ नोंदणीपुस्तक आहे काय, आणि त्यांतला चासीचा नंबर लोखंडावरच्या नंबराशीं जुळतो काय? मुलांचें शिक्षण आणि घरचीं दुखणीं यांच्या पैशाला हात न लावतां तीन-चार वर्षें खर्च सोसेल काय? आणि शेजारीं एक तरुण शिकावयास बसेल, या अटीवर काम अंगावर घेणारा मिस्त्री आपल्याच गांवांत आहे काय? तिन्ही उत्तरें होकाराचीं असतील, तर गाडी खुशाल घ्यावी. शक्य तर अँबेसेडरच्या कुळांतली घ्यावी, म्हणजे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही सांपडतील. एक जरी उत्तर नकाराचें असेल, तर त्या गाडीला दुरूनच नमस्कार करावा. गांवांतला शेवटचा मिस्त्री दुकान बंद करून गेल्यावर दारांत चकचकीत मॉरिस मिरविणें म्हणजे विहीर आटल्यावर मोट रंगवून टांगणें होय.