स्मशानवैराग्य संपल्यानंतर

आपल्या पूर्वजांनी मानवी मनाचे एक मर्म ओळखून त्याला ‘स्मशानवैराग्य’ असे नेमके नाव दिले. चितेसमोर उभा असलेला माणूस घटकाभर संसाराच्या असारतेचा विचार करतो आणि घरी येऊन स्नान केले, कडुनिंबाचे पान चावले, की पुन्हा पूर्वीच्याच धावपळीला लागतो. या वैराग्याची एक नागरी बाजूही आहे. स्मशानात उभे असताना आपल्याला खचलेला चौथरा दिसतो, बंद पडलेली दाहिनी दिसते, ओली लाकडे दिसतात, धुरात अनवाणी वावरणारा कर्मचारी दिसतो. ‘याविषयी काहीतरी केले पाहिजे’ असे जो तो म्हणतो. फाटकाबाहेर पडताच हा निश्चयही त्या वैराग्याबरोबर विरून जातो.

चार वर्षांपूर्वी वडिलांना निरोप देण्याचा प्रसंग माझ्यावर आला. विद्युतदाहिनीचे काम पाहणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले होते. हातात मोजे नव्हते, तोंडावर रुमाल गुंडाळलेला. त्यांच्या वागण्यात मात्र अदब होती. थोडा वेळ मिळाला तेव्हा मी विचारले, “काका, हे काम शिकलात कुठे?” ते म्हणाले, “शिकायचं काय साहेब त्यात? आधी आमचे वडील होते इथं. त्यांच्या हाताखाली बघत बघत आलं.” दुसऱ्या दिवशी अस्थी घेण्यास गेलो. ओळीने ठेवलेल्या मडक्यांवर खडूने नावे लिहिलेली होती आणि त्यांतील दोन मडक्यांवरची नावे पुसली गेली होती. काकांनी क्षणभर आठवून एक मडके उचलून आमच्या हाती दिले. ते आमचेच होते, असे मी मानतो. मानण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या काकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या हाती खडूखेरीज दुसरे काही देण्याची बुद्धी ज्यांना झाली नाही, त्यांच्याविषयी, म्हणजे शासनाविषयी आणि आपल्याविषयी, हे लिहितो आहे.

कोणत्याही सेवेचा दर्जा दोन गोष्टींमुळे टिकतो. ग्राहक तक्रार करू शकतो आणि तो दुसरीकडे जाऊ शकतो. अंत्यसंस्काराच्या बाबतीत या दोन्ही वाटा बंद असतात. ज्याच्यावर संस्कार व्हायचा तो बोलू शकत नाही. जे बोलू शकतात ते शोकात असतात आणि वर्षानुवर्षे पुन्हा तेथे फिरकत नाहीत. पुढे जे घडते ते बंद दारामागे घडते, आणि हाती येते ती राख. तिच्यावरून कोणाचीही ओळख पटत नाही. म्हणूनच हे क्षेत्र केवळ विश्वासावर सोडून चालत नाही. जेथे तक्रारदारच नसतो, तेथे नियमाने त्याची जागा घ्यावी लागते.

ही भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील नोबल या लहानशा गावी एका खासगी दहनगृहाच्या आवारात दहन न केलेले मृतदेह सापडू लागले. मोजणी संपली तेव्हा संख्या ३३४ झाली होती. मृतदेह झुडपांत, गोदामांत टाकून दिलेले होते आणि कित्येक कुटुंबांना राख म्हणून सिमेंटची भुकटी देण्यात आली होती. हे दहनगृह थेट जनतेसाठी नव्हे, तर केवळ अंत्यविधी-व्यावसायिकांसाठी काम करते, या पळवाटेमुळे ते परवान्याच्या आणि तपासणीच्या कक्षेबाहेर राहिले होते. त्यानंतर जॉर्जियाने कायदा दुरुस्त केला. परंतु दुसऱ्याच्या ठेचेने शहाणे होण्याची सवय तिकडेही नाही. कोलोरॅडो राज्याने अंत्यविधी-व्यावसायिकांच्या परवान्याची अट १९८३ मध्येच काढून टाकली होती. तेथे २०२३ मध्ये एका इमारतीत सुमारे १९० मृतदेह कुजलेल्या अवस्थेत आढळले, तेव्हा कोठे २०२४ मध्ये परवान्याचा आणि तपासणीचा कायदा झाला.

जॉर्जियात अप्रामाणिकपणा होता. स्कॉटलंडमधील प्रकरण मला त्याहून अधिक बोलके वाटते, कारण तेथे प्रश्न मुख्यतः अज्ञानाचा होता. एडिंबरा शहरातील मॉर्टनहॉल दहनगृह १९६७ पासून नगर परिषदेच्या मालकीचे. जन्मतःच किंवा जन्मानंतर अल्पावधीत दगावलेल्या बालकांच्या आईवडिलांना तेथे अनेक दशके सांगितले जात होते, की इतक्या लहान देहाची राख उरतच नाही. २०१२ च्या अखेरीस उघड झाले, की राख उरत होती आणि ती आवारातील बागेत परस्पर पुरली जात होती. २०१४ मध्ये डेम एलिश अँजिओलिनी यांचा चौकशी अहवाल आला. तान्ह्या बालकांच्या अस्थी योग्य रीतीने दहन केल्यास शिल्लक राहतात, हे तज्ज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे कर्मचाऱ्यांना कोणी कधी नीट शिकवले नव्हते. एकाने दुसऱ्याला सांगितलेला समज हाच तेथील नियम झाला होता. पुढे स्कॉटलंडमध्ये दहनगृहांसाठी स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला आणि २०१६ मध्ये दफन व दहनविषयक नवा कायदा झाला. ‘बघत बघत आलं’ या पद्धतीची किंमत शेकडो मातांनी मोजली होती.

आता आपल्याकडे वळू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दहन आणि दहनभूमी हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत दहनभूमीबरोबर विद्युतदाहिनीचाही नावानिशी उल्लेख असून तो विषय नागरी संस्थांकडे सोपवता येतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने स्मशानभूमीच्या व्यवस्थापकावर मृत्यूची खबर देण्याचे कर्तव्य टाकले आहे. याचा अर्थ असा, की स्मशानातील नोंदवही ही राष्ट्राच्या हिशेबाची एक कडी आहे. शिवाय दहनाने देहाबरोबर पुरावाही नष्ट होतो. घातपाताची शंका असेल तर ती उपस्थित होण्याची शेवटची जागा म्हणजे स्मशानाची खिडकी. एवढी मोठी जबाबदारी जेथे आहे, तेथे बसणाऱ्या माणसाला कागद तपासण्याचे चार दिवसांचे तरी शिक्षण मिळते का, असा प्रश्न आपल्या गावच्या स्मशानभूमीत जाऊन कोणीही विचारून पाहावा.

कारखान्यात बॉयलर चालवायचा तर सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. रस्त्यावर रिक्षा चालवायची तरी परवाना लागतो. सातशे-आठशे अंश सेल्सिअस तापमानाची भट्टी दिवसभर चालवणारा मात्र बहुतेक ठिकाणी केवळ अनुभवाच्या बळावर उभा असतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, त्यांचे पार्थिव दाहिनीत जाण्यापूर्वी ते यंत्र काढावे लागते, नाहीतर आतील बॅटरीचा स्फोट होतो. हे नातेवाइकांना ठाऊक नसते. ते विचारण्याचे काम कर्मचाऱ्याचे. पण त्याला तरी कोणी सांगितले आहे का? लाकडाच्या चितेपाशी काम करणाऱ्याचा धोका वेगळा. एका दहनाला परंपरेने चारशे ते सहाशे किलो लाकूड लागते. त्या धुरात आयुष्य काढणाऱ्यांच्या फुप्फुसांची तपासणी वर्षातून एकदा तरी होते काय?

बांधकामाचीही तीच गत आहे. उत्तर प्रदेशातील मुरादनगर येथे ३ जानेवारी २०२१ रोजी एका अंत्यविधीच्या वेळी पावसापासून आडोसा घेतलेल्या लोकांवर स्मशानभूमीतील नव्याने बांधलेले छत कोसळले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सुरतेच्या गॅसदाहिन्या इतक्या अखंड चालल्या, की त्यांचे लोखंडी भाग वितळू लागले. आपल्या अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेण्याची वेळ आली. त्या दिवसांत अनेक शहरांत सेवाभावी कार्यकर्ते पुढे झाले. ज्यांना स्वतःचे नातेवाईकही हात लावायला धजत नव्हते, त्यांना त्यांनी अग्नी दिला. पण त्या कार्यकर्त्यांनाही आधी संरक्षक पोशाख घालायला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काढायला शिकावे लागले. भक्तिभाव असला तरी प्रशिक्षण लागते, हा त्या काळाचा धडा होता. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मृतांच्या प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी सूचना केली. लाट ओसरली आणि राष्ट्रालाही जणू स्मशानवैराग्यच आले. राजस्थानने २०२३ मध्ये मृतदेहाच्या सन्मानाचा कायदा केला खरा, परंतु त्याचा मुख्य रोख मृतदेह ठेवून केल्या जाणाऱ्या आंदोलनांवर आहे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला, सरकारने आमच्या संस्कारात हात का घालावा? आक्षेप प्रामाणिक आहे. अंत्येष्टी हा सोळा संस्कारांतील शेवटचा. मंत्राग्नी कोणी द्यावा, विधी कोणता करावा, हे ठरवणारे सरकार कोण? परंतु मंत्र आणि भट्टी यांत भेद करता येतो. ब्रिटनमध्ये दावेंदर घई या वृद्ध गृहस्थांनी खुल्या चितेवर दहनाचा हक्क मागितला. न्यूकॅसलच्या नगर परिषदेने तो नाकारला. फेब्रुवारी २०१० मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की भिंतींच्या आत पण आकाशाला मोकळ्या असलेल्या वास्तूत केलेले दहन १९०२ च्या दहन कायद्यात बसू शकते. श्रद्धाही राहिली, कायदाही राहिला. नियम परकाच असतो असेही नाही. आपल्या कथेतील राजा हरिश्चंद्र स्मशानात चाकरी करत असताना स्वतःच्या पुत्राच्या दहनासाठीही कर मागतो. ती कथा आपण सत्यासाठी सांगतो. स्मशानातील नियम कोणासाठीही वाकत नाही, हेही ती सांगते. आणि ज्यांना यंत्राचा विटाळ वाटतो त्यांनी आठवावे, की स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपला देह विद्युतदाहिनीत जाळावा अशी इच्छा लिहून ठेवली होती आणि १९६६ मध्ये मुंबईच्या चंदनवाडीत त्याप्रमाणेच झाले.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. नियम म्हणजे परवाना, परवाना म्हणजे निरीक्षक आणि निरीक्षक म्हणजे चिरीमिरी. हा धोका खरा आहे. म्हणून नियम थोडे, स्पष्ट आणि भिंतीवर लिहिलेले असावेत. नदीकाठच्या खेड्यातील चार पत्र्यांच्या शेडला महानगरातील दाहिनीचे निकष लावू नयेत. ग्रामपंचायतीच्या स्मशानात पाणी, पक्का चौथरा, भक्कम छत आणि नोंदवही एवढे असले तरी पुष्कळ झाले. शहरातील दाहिनीसाठी मात्र प्रमाणित चालक, वर्षातून एकदा यंत्राची तपासणी, प्रत्येक पार्थिवासोबत अखेरपर्यंत राहणारा धातूचा क्रमांक आणि अस्थी देताना दोन सह्या, यांत सवलत नसावी. आमच्या पुसलेल्या खडूचे उत्तर एवढे साधे आहे.

परंतु या विषयाचा गाभा याहून खोल आहे. स्मशानातले काम आपण आजवर कौशल्य मानले नाही. काही जातींच्या माथी मारलेले प्राक्तन मानले. काशीच्या घाटावर ज्यांच्या अग्नीवाचून मोक्ष नाही असे आपण म्हणतो, त्या डोम समाजाला आपण शिवतही नव्हतो. वाराणसीचे डोमराजा जगदीश चौधरी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, याचा आनंद आहेच. पण एकाला पद्म देऊन हजारोंची रोजंदारी बदलत नाही. ‘एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान’ असे आपण म्हणतो. स्मशान एक झाले आणि तेथे राबणारी जात मात्र पूर्वीचीच राहिली, तर समरसता फाटकाबाहेरच थांबली असे म्हणावे लागेल.

प्रशिक्षणाचे महत्त्व येथे आहे. बापाकडून मुलाकडे आलेले काम जेव्हा अभ्यासक्रम होते, त्याला प्रमाणपत्र, ठरावीक वेतन, विमा आणि निवृत्तिवेतन मिळते, तेव्हा ते कोणत्याही घरातला तरुण करू शकतो आणि त्या घरातला मुलगा ते नाकारूही शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून काही आठवड्यांचा असा वर्ग चालवणे शासनाला अवघड नाही. दाहिनीचे तंत्र, कागदपत्रांची तपासणी, संसर्गापासून बचाव, आणि शोकाकुल माणसाशी कसे बोलावे, एवढे त्यात असावे. यातला शेवटचा विषय आमच्या काकांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांनीच शिकवायला हवा होता.

शासन हे आपणहून करणार नाही, कारण मृतांना मत नसते. ते आपल्याला करून घ्यावे लागेल. घरात मृत्यू झाला की आपण दहाव्या-तेराव्याच्या कामांची यादी करतो. त्या यादीत एक काम वाढवावे. तेराव्याच्या आत स्मशानभूमीत पुन्हा एकदा जावे. ज्या माणसाने आपल्या माणसाला शेवटचा हात लावला, त्याचे नाव विचारावे, त्याला मोजे मिळतात का, पगार वेळेवर होतो का, हे विचारावे आणि मिळालेले उत्तर नगरसेवकाला किंवा सरपंचाला लेखी कळवावे. एका वर्षात एका वस्तीतून अशी वीस पत्रे गेली तरी प्रशासन हलते.

मी हे काम चार वर्षे उशिरा केले. गेल्या महिन्यात त्या स्मशानभूमीत गेलो. काका निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण होता. मी विचारले, “कुठे शिकलास?” तो म्हणाला, “काकांकडं. बघत बघत.” मडक्यांवर अजूनही खडूच होता. परत येऊन पहिले पत्र धाडले आणि मग हा लेख लिहायला बसलो.