बावली आणि बाहुली

आमच्या घरी दोन आज्या. मी आजी आणि सुनेची आई अज्जी. परवा अज्जी नातवाला खानापूरच्या रानातली ‘बावली’ सांगत होत्या. तो धावत माझ्याकडे आला, “आजी, रानात बाहुली राहते?” हसता हसता पुरेवाट झाली. बावली म्हणजे वटवाघूळ रे राजा!

पण अज्जींची बावली साधीसुधी नव्हे. भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथे १९१२ साली एक वेगळेच वटवाघूळ सापडले. कान भले मोठे, शेपटी मोकळी. रॉटन नावाच्या वन अधिकाऱ्याचे नाव त्याला मिळाले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे साऱ्या जगात त्याचा ठाऊक असलेला पत्ता हा एकच, आपला खानापूर तालुका! नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला बसले आहे.

हे ऐकून पुतण्याला हुरूप आला. “काकू, रविवारी मित्रांना घेऊन गुहेत जातो. मोठी बॅटरी आहे, फोटो काढतो.” अज्जींनी शांतपणे विचारले, “नावु मलगिदाग यारादरू ब्याटरी हिडकोंडु मनेयोळगे नुग्गिदरे?” पोरगा गप्प बसला. आपण झोपलेले असताना कोणी बॅटरी घेऊन घरात घुसले तर आपल्याला चालेल का? वटवाघळे दिवसा झोपतात. उजेड आणि आरडाओरड झाली की घाबरून उठतात. अंगाला बिलगलेली पिल्ले अशा वेळी खाली पडू शकतात. वर्षाला बहुधा एकच पिल्लू. ते गेले की भरून यायला फार काळ लागतो.

भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. तेव्हापासून जंगल राखण्याचा भार सर्वात जास्त कोणी उचलला? आतल्या वाड्यांनी. पक्का रस्ता नाही, पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते. तळेवाडीतल्या कुटुंबांना तर २०२५ मध्ये स्थलांतरासाठी मोबदल्याचे धनादेश देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर, कुळाचा देव, ओळखीची झाडे सोडणे सोपे नसते. ज्यांना जायचे आहे त्यांना कबूल केलेले सगळे वेळेवर मिळावे आणि ज्यांना राहायचे आहे त्यांना निदान दवाखान्याची वाट मिळावी. जंगल सगळ्यांचे आणि त्रास मात्र त्यांचा, हे बरे नव्हे.

मग आपण शहरातल्यांनी काय करायचे? उन्हाळ्यात रानात विडी-काडी टाकायची नाही. सहलीचे प्लास्टिक परत आणायचे. वनखात्याची परवानगी नसेल तिथे पाऊल टाकायचे नाही. गुहा तर लांबूनच बऱ्या.

याच डोंगरपट्ट्यातून मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीकडे जाते आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात. पाण्यावरून आपण माणसे भांडतो, पण दोन्ही नद्यांना पाणी पुरवणारे रान एकच. त्याला मराठी कळत नाही की कन्नड. कुऱ्हाड आणि वणवा मात्र बरोबर कळतो.

पुतण्याने रविवारचा बेत रद्द केला. नातवाने वहीत मोठ्या कानांचे वटवाघूळ काढले. खाली एका ओळीत मराठी आणि एका ओळीत कन्नड अक्षरांत नाव लिहिले, ‘बावली’. दोन्ही आज्यांनी शंभरपैकी शंभर दिले.