स्पेनमध्ये शिकायला जाताय? व्हिसा मिळाल्यावर काय करावं लागतं?

वर्षभराच्या एक्स्चेंजसाठी स्पेनला निघालेल्या भारतीय विद्यार्थ्याला व्हिसा हातात आला की सुटलो असं वाटतं. पण मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर पोहोचल्यापासून महिनाभरात 'तिए' या परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. (एकाच सेमिस्टरसाठी गेलेल्यांना, 180 दिवसांच्या आत परतणार असतील तर, ते लागत नाही.)

खरी अडचण अपॉइंटमेंटची. ती ऑनलाइन आणि फुकट, पण माद्रिद-बार्सिलोनात मिळता मिळत नाही. बॉट वापरून स्लॉट अडवायचे आणि विकायचे, असा धंदाच तिथे उभा राहिला. 2023 मध्ये पोलिसांनी अशी टोळी पकडली. त्यामुळे दलालाच्या नादी न लागता रोज साइट तपासावी, प्रयत्नांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

दुसरा अडथळा घराचा. अनेक शहरांत अर्जासोबत 'एम्पाद्रोनामिएन्तो', म्हणजे महापालिकेतली पत्त्याची नोंद, मागतात. ती करू न देणारे घरमालक भेटतात. कायद्याने मात्र राहणाऱ्याने नोंद करायलाच हवी, आणि नावावर भाडेकरार असेल तर सहसा मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. करार नसेल तर मात्र नोंद करणं अवघड जातं, पण तेव्हाही सगळं मालकाच्या मर्जीवर नसतं; तिथे खरोखर राहत असल्याचं महापालिकेला दुसऱ्या मार्गाने पटवून देता येतं. खोली स्वस्तात मिळतेय म्हणून करार न बघताच डिपॉझिट भरणं इथेच महागात पडतं.