तिसरा नॉब

नवी मुंबईत थंडी पडते, यावर पुणेकरांचा अजिबात विश्वास नाही. हसू देत त्यांना. डिसेंबरअखेरीस सकाळी सव्वासहाला खारघरच्या डोंगराकडून वारा सुटतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गार पडलेलं असतं आणि तुमची लोकल काही तुमच्यासाठी थांबणार नसते. अशा वेळी घरातली सर्वांत लाडकी वस्तू कोणती? टीव्ही नाही, फोनही नाही. बाथरूमच्या भिंतीवर लटकलेला, नळ सोडला की ‘टक-टक-टक-भप्प’ करणारा गॅस गीझर. परदेशातले लोक हॉलमध्ये गॅसची शेकोटी पेटवून त्यासमोर कॉफी पितात. आपल्या वन-बीएचकेमध्ये शेकोटीचा मान या डब्याला!

लाडका असायला कारणंही आहेत. विजेच्या गीझरसारखी वीस मिनिटं वाट बघायला नको, तीन रूममेट्सनी पाठोपाठ आंघोळ केली तरी शेवटच्याच्या वाट्याला गार पाणी नाही आणि बिलही हलकं. तक्रार फक्त एकच आणि ती वाशीपासून पनवेलपर्यंत सगळीकडे सारखीच: ‘एक तर भाजतं, नाही तर गारठतं!’

मंडळी, दोष आपल्या सवयीचा आहे. आपण सगळे गरम पाणी म्हटलं की गॅसचा नॉब पिळतो. खरी गंमत पाण्याच्या नॉबमध्ये आहे. गीझरवर ‘६ लिटर’ लिहिलेलं असतं ना, ती काही टाकी नव्हे. मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवण्याची ती ताकद. टाकीतलं पाणी २२ अंशांचं असेल, तर नळातून ४७चं येणार. आता नळ अर्धा करा. आग तेवढीच, पाणी निम्मं, म्हणजे वाढ दुप्पट. ७२ अंश! त्यात चहाची पावडर टाकायची तेवढी बाकी. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत त्वचा भाजतं, हे लक्षात असू द्या.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकीच्या थेट खाली राहणाऱ्यांना पाणी उकळतं मिळतं किंवा गीझर पेटतच नाही, त्याचंही कारण हेच. टाकीची उंची मिळत नाही, त्यामुळे प्रेशर कमी. गीझरच्या आत एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो ढकलला गेला की स्विच दाबला जातो, सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. दाब नसेल तर नुसतीच सामसूम. उलट दुसऱ्या मजल्यावर तोच ब्रँड, तेच मॉडेल आणि पाणी मात्र कोमट.

आणि तो शॉवरमधला झटका? चटका बसला म्हणून आपण मिक्सरमध्ये गार पाणी सोडतो. त्या गार पाण्याच्या दाबाने गीझरमधून येणारं पाणी रोडावतं. ते कमी झालं की आणखी तापतं. आपण आणखी गार सोडतो. शेवटी दाब इतका घटतो की गीझर विझतो आणि डोक्यावर थेट बर्फ. मग किंकाळी, मग शेजारच्यांची चौकशी. इलाज सोपा आहे. आधी ‘समर-विंटर’चा नॉब ऋतूप्रमाणे लावा, गॅस कमीत कमीवर ठेवा आणि मग पाण्याच्या नॉबने हवं ते तापमान जुळवा. चाळीसच्या आसपास पाणी आलं की गार नळाला हात लावायची गरजच पडत नाही. एका रविवारी दहा मिनिटं खर्च करा, अख्खा हिवाळा सुखात जाईल.

दोन नॉब झाले. तिसरा गीझरवर नसतोच. तो भिंतीत असतो आणि त्याला आपण खिडकी म्हणतो.

थोडा हिशेब करू. सहा लिटरचा गीझर पूर्ण पेटला की त्याची आग साधारण बारा किलोवॅटची. स्वयंपाकघरातला एक बर्नर दोनच्या आसपास. म्हणजे सहा बर्नर एकदम पेटवून, चार बाय सात फुटांच्या खोलीत, आतून कडी लावून आपण गाणी म्हणत उभे असतो. एक भाग नैसर्गिक वायू नीट जळायला दहा भाग हवा लागते. पंधरा मिनिटांच्या शॉवरला हा गीझर सुमारे तीन घनमीटर हवा खातो आणि आपल्या बाथरूममध्ये एकूण हवा असते सहा घनमीटर! सिलिंडर असला तरी आकडे साधारण हेच. हवा कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास आपल्याला माहीत आहे, तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. इथे गॅस गळत नसतो, जळत असतो. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हे इथे चालत नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. आपण म्हणतो, रात्री उशिरापर्यंत जागलो होतो ना, ॲसिडिटी झाली. पुढची पायरी म्हणजे गुडघे वाकतात आणि दोन फुटांवरच्या कडीपर्यंत हात पोचत नाही. बाथरूममध्ये अचानक बेशुद्ध पडलेल्या किंवा फिट आलेल्या अशा पेशंट्सवर आपल्याकडच्या डॉक्टरांनी शोधनिबंध लिहिलेत. त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावही आहे.

मार्च २०२३मधली होळी आठवते? रंग खेळून आलेलं एक जोडपं घाटकोपरच्या घरात बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. पहिला संशय गॅस गीझरवरच गेला. त्याच होळीला गाझियाबादमध्येही एक जोडपं असंच गेलं. त्या दिवशी आपण सगळेच काय करतो? रंग निघत नाही म्हणून अर्धा-अर्धा तास गरम पाण्याखाली उभे राहतो.

वाईट याचं वाटतं की धुराला वाट हवी, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळकांडं, खाली विस्तव, भोवती पाणी. धूर त्या नळकांड्यातून वर जायचा आणि बंब असायचा परसात किंवा न्हाणीघराबाहेर. पाणी फार तापलं की आजी दोन ढलप्या बाहेर ओढायची. पाणी बादलीत काढायचं, मग आंघोळ. लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉघन नावाच्या रंगाऱ्याने १८६८मध्ये गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडच्या उष्ण झऱ्यांवरून त्याला ‘गीझर’ म्हटलं. धूर बाहेर न्यायची सोय मात्र त्यात नव्हती. दीडशे वर्षांनंतर कोपरखैरणेच्या कितीतरी बाथरूममध्ये आपण अजून त्या मॉघनसाहेबाचाच कित्ता गिरवतोय.

खिडकी का बंद असते, हेही सगळ्यांना माहीत आहे. कबुतरं! नवी मुंबईतल्या प्रत्येक डक्टवर त्यांचा पिढीजात हक्क. मग लूव्हर्सच्या काचांवर ॲक्रिलिकची शीट ठोकायची. उरलेल्या फटीत डासांसाठी टेप. समोरच्या टॉवरमधून दिसू नये म्हणून स्टिकर. वारा लागतो म्हणून दाराखाली पायपुसणं. भाड्याच्या घरात तर ही सजावट आपल्या आधीच्या भाडेकरूनेच करून ठेवलेली असते. चावी हातात आल्यावर आपण वायफाय बघतो, पार्किंग बघतो. लूव्हर्स कोण बघतो?

या वीकेंडला बघा. सर्वांत उत्तम म्हणजे गीझर बाथरूममधून हलवून ड्राय बाल्कनीत लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. घरमालक कुरकुरले तर हा लेख पुढे करा. तोपर्यंत कबुतरांसाठी शीटच्या जागी जाळी लावा, पायपुसणं काढा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. हवा बाहेर फेकायची तर दाराखालून आत यायलाही वाट हवी. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर मेकॅनिकला बोलवा. महानगर गॅसची पाइपलाइन नव्याने आली असेल, तर सिलिंडरवरचा जुना गीझर तसाच जोडू नका. दोन्ही गॅसचे जेट वेगळे असतात. आणि आजीचा नियम पाळा: बादली भरा, गीझर बंद करा, मग आंघोळ. अर्धी बादली गरम पाणी दोन मिनिटांत येतं.

आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर संकोच करत बसू नका. दार तोडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि थेट हॉस्पिटल गाठा. डॉक्टरांना ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य आठवणीने सांगा. कोविडच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही. त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. तो ९८ दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

बाथरूममध्ये सकाळी थोडा गार वारा येईल, हे कबूल. अंगावर काटाही येईल. येऊ दे. पुणेकरांना दाखवायला पुरावा होईल, नवी मुंबईतही थंडी पडते म्हणून.