दुरुस्तीचा हक्क पालीपर्यंत पोहोचावा

राजगडाच्या पाली दरवाजाखाली वसलेल्या पाली गावात मिक्सर बंद पडला, की पुढचे सगळे रस्ता ठरवतो. विंझर, मार्गासनी, नसरापूर करत चेलाडीला महामार्ग गाठायचा आणि तिथून पुणे. कंपनीचे सेवा केंद्र शहरात. वॉरंटीच्या कागदावर मात्र बारीक अक्षरांत अट असते: बाहेरच्या माणसाने मशीन खोलले तर वॉरंटी रद्द. म्हणजे जवळच्या बाजारात जो मिस्त्री हाताशी आहे, त्याच्याकडे जायचे नाही. आणि ज्याच्याकडे जायचे, तो एक दिवसाच्या मजुरीइतका लांब.

बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. भांडे गच्च भरले की ओव्हरलोडचे बटण पडते. मोटर थंड झाल्यावर तळाचे लाल बटण दाबले की मिक्सर पुन्हा चालू. जाळीतून जास्त ठिणग्या दिसू लागल्या तर कार्बन झिजलेले असतात. मोटर फिरते पण पाते फिरत नाही, तेव्हा कपलर गेलेला असतो. जळका वास आला तरच वाइंडिंगची भीती. कार्बन आणि कपलर हे स्वस्तातले पार्ट, पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळणारे. बदलायला फार वेळही लागत नाही.

फ्रिजचे तसे नाही. नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये सर्किट बोर्ड गेला की बहुधा अख्खा बोर्डच बदलतात आणि तो पार्ट कंपनीच्या हातात. त्यात वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातला पाऊस. घरगुती वीज 230 व्होल्टची, नियमाने सहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे साधारण 216 ते 244. वाऱ्यापावसात न्यूट्रलची तार तुटली तर काही घरांत व्होल्टेज याच्या किती तरी वर जाते आणि एका रात्रीत टीव्ही, फ्रिज जळतात. तिथे दोष तारेचा असतो आणि भुर्दंड घरमालकाला बसतो.

भारतीय मिक्सरचा जन्मच अशा बंद पडलेल्या यंत्रातून झाला. सिमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन ब्राऊन मिक्सर जळाला आणि त्याच्या दुरुस्तीची सोय भारतात नव्हती. मुळात ओले खोबरे, भिजवलेली डाळ आणि सुके मसाले वाटण्यासाठी तो बनलेलाच नव्हता. पत्नी माधुरी यांची ही अडचण सोडवताना माथुर यांनी इथल्या वाटणाला पुरेल अशा दमदार मोटरचा मिक्सर बनवला. 1963 मध्ये ‘सुमीत’ची सुरुवात झाली आणि मराठी घरांतला पाटा-वरवंटा हळूहळू कोपऱ्यात गेला. दुरुस्तीची सोय नसणे ही किती मोठी उणीव असते, हे एका अभियंत्याच्या घरात तेव्हाच कळले होते.

धोरण मात्र उशिरा जागे झाले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची क्षेत्रे. फ्रान्समध्ये 2021 पासून ठरावीक वस्तूंवर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापावे लागतात आणि सुट्या भागांची उपलब्धता व किंमतही त्यात मोजली जाते. आपल्याकडे अशाच गुण देणाऱ्या दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल मे 2025 मध्ये सादर झाला, पण प्राधान्य स्मार्टफोन आणि टॅब्लेटला. हा क्रम चुकीचा आहे. पालीतल्या घराचे रोजचे काम मिक्सर, फ्रिज आणि पाण्याच्या मोटरवर अडते.

कायद्याने ग्राहकाला बळ दिले आहे, हे खरे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. बिल जपून ठेवावे, तक्रार लेखी द्यावी. तरीही मिक्सरच्या कपलरसाठी कोणी आयोगाची पायरी चढावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

गरज आहे ती साध्या सक्तीची. कंपन्यांनी सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे कोणत्याही मिस्त्रीला छापील दरात द्यावेत, मॉडेल बंद झाल्यावरही काही वर्षे द्यावेत. नसरापूरच्या मिस्त्रीने कार्बन बदलला म्हणून वॉरंटी रद्द करण्याची अट बेकायदा ठरावी. आणि निर्देशांकात घरगुती उपकरणे येतील तेव्हा आणखी एक रकाना असावा: सर्वांत जवळचा पार्ट मिळण्याचे ठिकाण खेड्यातल्या ग्राहकापासून किती किलोमीटरवर आहे.