घरचा संगणक : पुसलेली फाईल परत मिळते, पण आधी हात थांबवा

मागच्या महिन्यात एका रविवारी आपा आणि त्यांचा धाकटा मुलगा चिपळूणहून आमच्याकडे आले. एरवी घरात पाऊल टाकल्यापासून बडबड करणारा भाचा त्या दिवशी जेवण उरकले तरी गप्पच होता. शेवटी आपांनीच पिशवीतून रुमालात बांधलेला एक पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"यात अब्बांचा आवाज होता. आता काहीच दिसत नाही. बघ जरा, तुला काही जमतं का."

हा पेन ड्राइव्ह म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आपांच्या तळमजल्यावरच्या घरात छातीएवढे पाणी होते. निकाहाचे, अकीक्याचे, ईदचे सगळे अल्बम त्यात गेले. संगणकही गेला. भाच्याचे दप्तर वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होते, म्हणून त्यातला हा पेन ड्राइव्ह तेवढा वाचला. मरहूम अब्बा नातवंडांना गोष्टी सांगत, त्याची चाळीस रेकॉर्डिंग त्यात होती. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जागा हवी म्हणून भाच्याने घाईत एक फोल्डर पुसला. तो नेमका हाच निघाला. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाईल सहसा संगणकाच्या 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही, त्यामुळे तिथे शोधून उपयोग झाला नाही. बाजारातल्या एका दुकानदाराने आठ हजार रुपये सांगितले आणि वर म्हणाला, "मिळेलच याची हमी नाही."

मी भाच्याला एकच प्रश्न विचारला, "पुसल्यानंतर यावर काय काय ठेवलंस?"

"दोन फायली, मामू. प्रोजेक्टच्या. मग लक्षात आलं आणि काढून ठेवला, परत लावलाच नाही."

ते ऐकून मला थोडी आशा वाटली. का, ते समजून घेऊ.

पुसणे म्हणजे नेमके काय होते?

एखाद्या जाड पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून एका प्रकरणाचे नाव खोडले, तर ते प्रकरण पुस्तकातून नाहीसे होत नाही. पाने जागेवरच असतात, फक्त ती कुठे आहेत हे सांगणारी ओळ जाते. संगणकही असेच करतो. आपण 'डिलीट' म्हटले की तो फाईलचा मजकूर पुसत बसत नाही. यादीत 'ही जागा आता मोकळी आहे' अशी नोंद करतो आणि पुढे जातो. म्हणून मोठी फाईल भरायला पाच मिनिटे लागतात, पण पुसायला क्षणभर पुरतो.

'क्विक फॉरमॅट' केल्यावरही बहुधा हेच घडते, नवी कोरी अनुक्रमणिका तयार होते. मात्र विंडोजमध्ये 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, तर जुना मजकूर खरोखर पुसला जातो.

धोका असतो तो पुढे. 'मोकळ्या' जागेवर आपण नवी फाईल ठेवली की ती जुन्या पानांवर लिहिली जाऊ शकते. एकदा वर लिहिले गेले की खालचे अक्षर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून पहिला नियम असा : चूक लक्षात आल्याबरोबर पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवा. त्यावर काहीही साठवू नका, त्या कार्डाने एकही फोटो काढू नका. भाच्याने नकळत हेच केले होते.

फोटोरेक : फुकटचा पाणबुड्या

आम्ही वापरले ते 'फोटोरेक'. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरने ते तयार केले आहे. ते त्यांच्याच 'टेस्टडिस्क' या दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर एकाच झिप फाईलमध्ये मिळते. नावात 'फोटो' असले तरी ते गाणी, व्हिडिओ, पीडीएफ, वर्डच्या फायली असे शेकडो प्रकार ओळखते. फाटलेल्या अनुक्रमणिकेच्या नादी ते लागत नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठरावीक खुणेने होते. फोटोरेक पानामागून पान चाळून ती खूण शोधते आणि तिथून फाईल उचलते. शिवाय ज्या ड्राइव्हमध्ये शोधायचे त्यावर ते काही लिहीत नाही, फक्त वाचते.

वापरायची रीत अशी :

१. झिप फाईल संगणकावर उतरवून उघडा. हरवलेल्या फायली ज्या पेन ड्राइव्हवर आहेत त्यावर ती ठेवू नका.

२. त्यातला 'क्यूफोटोरेक' हा प्रोग्राम सुरू करा. ही बटणे असलेली सोपी आवृत्ती आहे. विंडोज परवानगी मागेल, ती द्या.

३. वरच्या यादीतून आपला पेन ड्राइव्ह निवडा. आकार पाहून खात्री करा : १६ जीबीचा असेल तर तिथे त्याच्या जवळपासचाच आकडा दिसेल. मग खालच्या यादीतला त्याचा भाग निवडा.

४. 'फ्री' निवडले तर फक्त मोकळ्या जागेत शोध होतो, 'होल' निवडले तर सगळीकडे. चुकून पुसले असेल तर आधी 'फ्री' करून पाहा.

५. मिळालेल्या फायली कुठे ठेवायच्या ते सांगा. ती जागा संगणकावर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवरच हवी. इथे चूक झाली तर आपल्याच हाताने उरलेले पुसले जाईल.

६. 'सर्च' दाबा आणि वाट पाहा. मोठ्या ड्राइव्हला काही तासही लागतात.

आमचा शोध चालू असताना आपा बाहेरच्या खोलीत बसून होत्या. भाचा मात्र पडद्यासमोरून हलला नाही. शोध संपला तेव्हा आम्ही मोजले. चाळीसपैकी तेहतीस रेकॉर्डिंग पूर्ण मिळाली. पाच अर्धवट होती. दोन मिळालीच नाहीत. प्रोजेक्टच्या फायली बहुधा त्यांच्याच जागेवर बसल्या असाव्यात.

फोटोरेकची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. अनुक्रमणिका गेलेली असल्यामुळे फायलींची मूळ नावे परत येत नाहीत. 'एफ' अक्षर आणि पुढे आकडे, अशी नावे मिळतात. प्रत्येक फाईल उघडून, ऐकून नाव द्यावे लागते. विंडोजवर 'रेकुवा' नावाचे आणखी एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते वापरायला सोपे आहे आणि अनुक्रमणिकेतल्या नोंदी शिल्लक असतील तर नावांसह फायली दाखवते. त्याने काम झाले नाही, तर फोटोरेककडे वळावे.

अर्धवट फायली वाजवून पाहण्यासाठी 'व्हीएलसी' कामी आले. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे चित्र असलेला हा प्लेयर पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या १९९६ सालच्या प्रकल्पातून जन्मला. जुन्या मोबाइलमधल्या ३जीपी फायलींपासून आजच्या व्हिडिओंपर्यंत तो जवळजवळ सगळे वाजवतो, तुटक्या फायलींनाही सांभाळून घेतो. त्या पाचांपैकी तीन रेकॉर्डिंग त्याने जिथवर होती तिथवर ऐकवली.

जिथे हा उपाय चालत नाही

नव्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते. तिथे फाईल पुसली की संगणक त्या चकतीला तसे कळवतो आणि ती स्वतःच ती जागा साफ करून ठेवते. त्यामुळे लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून पुसलेले परत मिळण्याची आशा फार कमी असते. तसेच पेन ड्राइव्ह मोडला असेल किंवा संगणकाला तो दिसतच नसेल, तर तिथे सॉफ्टवेअरचे काम नाही, कारागिराचे आहे.

दुसरी प्रत, दुसऱ्या घरात

या सगळ्यातून मला समजले ते हे : शोधणारे सॉफ्टवेअर ही शेवटची आशा आहे, खरी सोय दुसऱ्या प्रतीची. आणि ती प्रत त्याच कपाटात असून भागत नाही. पुराचे पाणी पहिली प्रत कोणती आणि दुसरी कोणती, हे विचारत नाही.

त्यासाठी 'फ्रीफाईलसिंक' घ्या, ते घरगुती वापरासाठी मोफत आहे. डावीकडे संगणकावरचा फोल्डर, उजवीकडे बाहेरच्या ड्राइव्हवरचा फोल्डर निवडायचा. ते दोन्ही ताडून पाहते आणि फक्त नव्या किंवा बदललेल्या फायली उजवीकडे नेते. मात्र त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' असे वेगवेगळे प्रकार आहेत. 'मिरर'मध्ये डावीकडे पुसलेली फाईल उजवीकडूनही काढली जाते. घरच्या फोटोंसाठी म्हणूनच 'अपडेट' निवडा.

आधार, जमिनीचे उतारे, मुलांच्या मार्कलिस्ट अशा कागदांची प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवायला मन धजावत नसेल, तर 'सेव्हन-झिप' वापरा. ईगोर पावलोव यांनी १९९९ साली ते सुरू केले. उतरवायला जेमतेम दीड एमबी. फोल्डरचे एक गाठोडे करून त्याला पासवर्ड घालता येतो आणि आतल्या फायलींची नावेही झाकता येतात. पासवर्ड विसरलात तर मात्र ते गाठोडे कोणालाही उघडता येणार नाही, तेव्हा तो वहीत लिहून ठेवा.

मोफत आणि मुक्त

फोटोरेक, व्हीएलसी, सेव्हन-झिप ही सॉफ्टवेअर नुसती मोफत नाहीत, मुक्तही आहेत. त्यांचा मूळ प्रोग्राम कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो. म्हणूनच नकली सीडीवरचे महागडे सॉफ्टवेअर चोरून वापरण्याची गरज उरत नाही.

पण 'मोफत' या शब्दाच्या आडून फसवणारेही पुष्कळ आहेत. सॉफ्टवेअर नेहमी ते बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधल्यावर सर्वांत वर जाहिरात येते, ती सोडा. बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाऊ नका, मध्येच दुसरे काही घ्यायची खूण असेल तर काढा. आधी 'तुमच्या हजार फायली सापडल्या' म्हणायचे आणि मग परत द्यायला पैसे मागायचे, असे प्रोग्रामही असतात. आणि 'संगणक दहापट वेगवान करतो' म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. नको असलेल्या फायली साफ करण्याची सोय विंडोजमध्येच आहे.

संध्याकाळी परत निघताना आपांनी दोन ड्राइव्ह बरोबर नेले, तिसरी प्रत माझ्याकडे ठेवली. आता दर शुक्रवारी रात्री मायलेक बसून एकेक रेकॉर्डिंग ऐकतात आणि त्याला नाव देतात. त्यातूनच न मिळालेल्या दोन गोष्टी कोणत्या, तेही कळले. एक होती अब्बांच्या पहिल्या मुंबई प्रवासाची. आपांना ती तोंडपाठ आहे. भाच्याने परवा ती त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केली आणि त्याच रात्री प्रत मला पाठवली.

या रविवारी आपल्या घरातला जुना पेन ड्राइव्ह, कार्ड, मोबाइल बाहेर काढा. ज्याची एकच प्रत आहे असे काय काय आहे, ते घरच्यांबरोबर बसून पाहा. तासाभराचे काम आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.