तपासण्या झाल्या, पुढे काय?



‘विद्यापीठाच्या आरोग्य शिबिरास उदंड प्रतिसाद’ ही बातमी या आठवड्यात वाचली. दीपप्रज्वलनाचा फोटोही पाहिला. किती जणांचे रक्त तपासले तो आकडा ठळक छापलाय. त्यातल्या किती जणींचे रक्त कमी निघाले आणि त्यांचे पुढे काय केले, यावर एक ओळ नाही. समन्वयक प्राध्यापक म्हणतात, पुढच्या वर्षी दुप्पट गावे घेणार. घ्या बापडे! पण आधी या गावांचा हिशेब द्या.

मी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. असली शिबिरे सतरंज्या अंथरण्यापासून पाहिलेली आहेत. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातही एका विद्यापीठाचे असेच शिबिर झाले. पोरे-पोरी मनापासून राबली, त्यांना मी नावे ठेवणार नाही. शेजारच्या सुनेच्या हाती चिठ्ठी पडली : ‘हिमोग्लोबिन ८.२. पालेभाज्या, गूळ, शेंगदाणे खावे.’ ८.२ म्हणजे गुळाने भागणारे दुखणे नव्हे. तिला रोज लोहाच्या गोळ्या हव्यात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तिने चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचली. गावच्या आशाताईला याचा पत्ताच नाही, कारण नावांची यादी बसमधून शहरात गेली. मागितली तर उत्तर आले, डेटा अहवालासाठी आहे. अहवाल म्हणजे विद्यापीठाच्या नॅक मूल्यांकनाचा, हे वेगळे सांगायला नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काय सांगते? महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय २०१५-१६ साली ४८ टक्के होता. २०१९-२१ मध्ये तो ५४.२ टक्के झाला. पाच वर्षांखालच्या मुलांत ५३.८ वरून थेट ६८.९. या काळात शिबिरे काय कमी झाली? माझ्या डोळ्यांदेखत तरी वाढलीच. बोटाला सुई टोचून रक्त वाढत नाही, एवढे तरी प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे.

रक्त वाढते गोळ्या पोटात गेल्यावर, आणि त्या जात नाहीत. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते. बाई घाबरते आणि आठ दिवसांत पाकीट डब्याच्या तळाशी जाते. कुणी चहाबरोबरच घेते, मग निम्मी लागू पडत नाही. हे समजावायला कुणीतरी पुन्हा पुन्हा दारात यावे लागते. शिबिराची बस तर संध्याकाळीच निघते.

त्यात शिबिरांचा मुहूर्त! कॉलेजच्या सोयीने डिसेंबर-जानेवारी. तेव्हा आमचा अर्धा गाव कोयता घेऊन कारखान्यावर असतो. पहाटेच्या थंडीत उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बायकांचे रक्त तपासायचे कुणी? बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांवर २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. विद्यापीठाच्या वेळापत्रकाला मात्र ऊसतोड नावाची गोष्ट अजून ठाऊक नाही.

जमत नाही म्हणावे, तर सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात वर्षानुवर्षे जमते आहे. तिथे प्रत्येक बॅचला एक गाव नेमून देतात, विद्यार्थी गावात मुक्काम करतात आणि नंतरही त्याच कुटुंबांकडे जात राहतात. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. आता तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेणे डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमातच घातले आहे. मग बाकीच्या विद्यापीठांचे घोडे कुठे अडते? त्यांनी एकच आकडा छापावा : तीन महिन्यांनी किती जणींचे हिमोग्लोबिन पुन्हा तपासले आणि किती जणींचे वाढले. शून्य असेल तर शून्य छापा.

आणखी एक. शिबिराचे निरोप घरोघर देणे, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणणे, पाहुण्यांना ओवाळणे, हे सगळे आशांच्या गळ्यात. त्यांचा मोबदला आधीच महिनोन्महिने थकतो, त्यात शिबिराच्या दिवसाचे कुणी दमडी देत नाही. प्रमाणपत्रे विद्यार्थ्यांना, शाल-श्रीफळ प्राध्यापकांना. आमच्याकडे प्रमुख पाहुणे येईपर्यंत तपासणीला हात लावला नाही. साखर तपासायला उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्या तोवर ताटकळल्या, दोघी कंटाळून घरी गेल्या. यापुढे कुठल्याही गावात यायचे असेल तर आशांच्या त्या दिवसाच्या रोजाची तरतूद आधी करा, आणि यादी त्यांच्या हातात देऊन मगच बस काढा.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, मराठवाडा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)